दुसऱ्या पोर्टमधली वायर

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी नोकरीची सगळी वर्षं हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवलं. अमावस्येला प्रवास केला आहे, तिन्हीसांजेला नखं कापली आहेत, आणि मांजर आडवं आलं तर त्याला आधी जाऊ देऊन मग माझ्या वाटेनं गेले आहे. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण ते चुका शोधायला... कुठे वेळ जुळत नाही, कुठे 'कुणीतरी सांगितलं' एवढाच पुरावा आहे. आता माझाच अनुभव लिहायला बसले आहे, तर तुम्हीही तसंच वाचा. चूक सापडली तर मला कळवा, मला ती खरंच हवी आहे.

लिहिते आहे मुख्यतः सई आणि अनुज, तुम्हा दोघांसाठी. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या दिवशी एक्झॅक्टली काय झालं?" आणि वैशूआत्या हसायला लागली, म्हणून ते राहूनच गेलं. कॅनडात बसून छापील मराठी वाचायची सवयही राहील. बाकीच्या वाचकांनी सोबत यायला काहीच हरकत नाही.

जागा तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. तासगावच्या बाहेर, सांगली रस्त्याला आपलं घर. घरासमोर फरसबंद आवार, आणि आवारापलीकडे तुमच्या आजोबांचं बेदाण्याचं गोदाम. जाड दगडी भिंती, वर पत्रा. आजोबा गेल्यावर गोदाम रिकामं पडलं होतं. वैशू, म्हणजे माझी मुलगी, पुण्यातली नोकरी सोडून परत आली तेव्हा तिनं ते झाडून-रंगवून तिथे ऑफिस काढलं. पुण्याच्या आर्किटेक्ट लोकांसाठी कॉम्प्युटरवर इमारतींची ड्रॉइंग्ज करायची. तासगावच्याच चार मुली हाताशी घेतल्या. त्यातल्या दोघी कवठेएकंदहून एस.टी.नं येतात.

पहिली दोन वर्षं छोटी-मोठी कामं मिळाली. यंदा पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसनं वर्षभराचं काम देऊ केलं, पण अट घातली. फाइली इकडून तिकडे पाठवत बसायचं नाही. मुलींनी इथे बसून इंटरनेटवरून थेट पुण्याच्या कॉम्प्युटरवर काम करायचं. आधी एक दिवसाची ट्रायल. सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं, मधे लाईन एकदाही तुटता कामा नये. तुटली तर राम राम. वैशूनं मला स्पष्ट सांगितलं होतं की हे काम गेलं तर मुलींचा पगार निघणार नाही, ऑफिस बंद करावं लागेल आणि तिला पुन्हा पुण्याला नोकरी बघावी लागेल. मी "बघ बाई, तुझं तू ठरव" असं म्हणाले. मला काय वाटत होतं ते तिला न सांगताही कळत होतं. जेवणाच्या टेबलावर समोर माणूस असण्याची मला पुन्हा सवय झाली होती.

तर प्रश्न आला वायरिंगचा. इंटरनेटची फायबर येते घरात, पुढच्या खोलीत. ऑफिस आवारापलीकडे. वायफाय त्या दगडी भिंतीतून निम्मं-शिम्मं पोचायचं. कुणी दार लावलं की मुलींच्या स्क्रीनवर चाक फिरायला लागायचं. अनुज, तू तेव्हा फोनवर म्हणालास, "आजी, मेश वायफाय घे. वायर कोण टाकतं आता?" मी तुझं ऐकून घेतलं. पण जिथे एकदाही तुटायचं नाही अशी अट आहे, तिथे वायरच. हवेतल्या गोष्टीवर भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

सांगलीला रफीकभाईंचं दुकान आहे. नेटवर्किंगचं सामान विकतात, वायरिंगही करून देतात. त्यांची धाकटी बहीण माझी विद्यार्थिनी, म्हणून ते मला टीचरबाई म्हणतात. वैशू आणि मी दोघी गेलो. सोबत आवाराचा नकाशा काढून नेला होता, स्केलनं. रफीकभाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, एवढं तर इंजिनियर लोकपण देत न्हाईत. मग तासभर खल झाला. ऑफिसमध्ये आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एक वायर आत घेऊन सगळ्या कॉम्प्युटरना वाटून देणारी डबी, पुरेल यावर आमचं एकमत होतं. वैशूला सेटिंग्जवाला महाग स्विच हवा होता. मी विचारलं, ती सेटिंग्ज करणार कोण? मग तो बेत गेला. वायर म्हणून त्यांच्या नोकरानं एक स्वस्त बंडल आणून ठेवलं. मी टोक नखानं खरवडलं, तर आतून पांढरट निघालं. रफीकभाई हसले.

"वरून तांबं, आत अ‍ॅल्युमिनियम. टीचरबाई, ह्यो लग्नात दाखवायचा दागिना हाय. रोज अंगावर घालायचा न्हाई."

त्यांनी शुद्ध तांब्याची कॅट-सिक्स वायर काढून दिली. पण ती फक्त ऑफिसच्या आतल्यासाठी. घरापासून ऑफिसपर्यंत मात्र तांबं नको, असं मी म्हणायच्या आत तेच म्हणाले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा कशा पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार म्हणजे विजेला घातलेला रस्ताच. तिथे फायबर टाकायची, दोन्ही टोकांना फायबर आणि वायर जोडणारा एकेक छोटा कन्व्हर्टर लावायचा. फायबर काचेची, तिच्यातून वीज जात नाही. वैशूनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं ठरवा, मी उसाचा रस पिऊन येते.

अडचण एवढीच की ते कन्व्हर्टर कोल्हापूरहून यायचे होते आणि ट्रायल त्याआधी होती. म्हणून तेवढ्यापुरती तांब्याचीच वायर पाइपातून टाकायची ठरली. रफीकभाईंनी बजावून सांगितलं – ढग दिसले की घरची बाजू काढायची, ऑफिसची बाजू काढायची, मगच चहा ठेवायचा. हे काम मी माझ्याकडे घेतलं.

कामाची पद्धत मी ठरवून टाकली होती, तीही सांगते कारण पुढे लागणार आहे. पुढच्या खोलीत राऊटरला मागे चार पोर्ट. पहिल्यात टीव्हीची वायर, दुसऱ्यात ऑफिसची. चष्मा नसला तरी बोटानं कळतं, डावीकडून दुसरं. ढग आले की ती काढायची, टोकाला पाणी गाळायच्या कापडाचा स्वच्छ तुकडा गुंडाळून गाठ मारायची, कारण आपल्याकडे मुंग्या कुठेही घर करतात. मग आवार ओलांडून ऑफिसचं कुलूप उघडायचं, घरून स्विचमध्ये येणारी वायर काढायची, तिलाही कापड. वैशू यावर हसायची. ती वायर ओढते आणि लोंबकळत सोडून देते.

आता त्या दिवसाकडे येते. ट्रायलचा आदला दिवस. माझी मोतीबिंदूची तपासणी साताऱ्याला ठरली होती. तिथे माझी मोठी बहीण राहते, तुमच्या ताईआजी. मी त्याच्याही आदल्या दिवशी एस.टी.नं गेले होते. तपासणी पुढे ढकलायला निघाले होते, पण वैशूनं ऐकलं नाही. आकाश निरभ्र होतं, मोबाइलमध्ये पावसाची एकही खूण नव्हती. निघताना मी माझा किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला, सवयीनं.

दुपारी दवाखान्यात माझ्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो म्हणून बाहेर बाकावर डोळे मिटून बसवलं. ताई शेजारी. तिनं मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि सहज म्हणाली की सांगली, तासगावकडे गारा पडणार म्हणतायत, खानापूरकडे सुरूही झाल्या. मी वैशूला फोन लावायला सांगितला. लागला नाही. ताईनं पुनःपुन्हा लावला. ती सांगलीला यूपीएसची बॅटरी आणायला गेली होती, हे मला मागाहून कळलं. मुलींना तिनं अर्धी सुट्टी दिली होती, म्हणजे घर आणि ऑफिस दोन्ही बंद. मला दिसत काहीच नव्हतं, करण्यासारखंही काही नव्हतं. उद्याची ट्रायल, चार मुली, वैशूची बॅग... सगळं डोळ्यांपुढे येत होतं. मग मी माझ्या पद्धतीनं मन शांत करायला घेतलं. शाळेत प्रयोगाच्या आधी मी मनात सगळी कृती क्रमानं करून बघत असे. तसंच. पुढचं दार. खोली. राऊटर. डावीकडून दुसरं पोर्ट. क्लिप दाबली, वायर ओढली. कापड, गाठ. दार ओढून घेतलं. आवार. ऑफिसचं कुलूप जरा अडकतं, म्हणून दार थोडं उचलून धरलं. स्विच. क्लिप. कापड, गाठ. इतकं स्पष्ट की हाताला ती प्लॅस्टिकची क्लिप लागल्यासारखी वाटली. मग डॉक्टरांनी हाक मारली.

इथपर्यंत काहीच विशेष नाही. काळजीत माणूस असंच काहीतरी करतो.

संध्याकाळी वैशूचा फोन आला. आवाज बसलेला. गारांचा मारा झाला होता, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुलिंबावर वीज पडली होती. आजूबाजूचे टीव्ही, पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर, बरंच काही जळालं. आपला राऊटर गेला, वास येत होता. पण ऑफिसमधला स्विच आणि मुलींचे कॉम्प्युटर सगळे सुरू होते. मग ती म्हणाली, "आई, तू ऑफिसची वायर कधी काढलीस?"

मी म्हटलं, मी साताऱ्यात आहे.

"कापड बांधलंय, आई. तुझी गाठ आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघाले. ट्रायल व्हायची होती, राऊटर नव्हता. पण रफीकभाईंना वैशूनं रात्रीच फोन केला होता. त्यांनी स्वतःच्या दुकानातला चालू राऊटर काढून घेतला आणि मुली यायच्या आधी मोटारसायकलवर हजर झाले. इंटरनेट कंपनीची फायबरची छोटी डबी नशिबानं वाचली होती. त्यांनी जोडून दिलं, आकाश बघितलं, ते धुतल्यासारखं निळं होतं, आणि म्हणाले की आज तारही चालंल. मी पोचले तेव्हा चौघी मुली खाली माना घालून कामाला लागल्या होत्या आणि वैशू दारात उभी राहून कुणाला आत येऊ देत नव्हती. मलाही. लाईन संध्याकाळपर्यंत एकदाही तुटली नाही.

पण मधल्या वेळात मी घरात, पुढच्या खोलीत गेले होते, ते सांगायचं आहे. जळका राऊटर टेबलावर बाजूला ठेवला होता, रफीकभाईंनी काढलेला, पण वायरींना मी येईपर्यंत हात लावायचा नाही असं वैशूनं त्यांना बजावलं होतं. त्यांनी फक्त ऑफिसची तेवढी नवीन राऊटरला लावली होती. दुसरी वायर तशीच भिंतीशी होती. टोकाला गाळायच्या कापडाचा तुकडा, माझी गाठ. ती टीव्हीची वायर होती.

मी वैशूला विचारलं, टीव्हीची वायर कशाला काढली कुणी? ती म्हणाली, तेच तर कळत नाही. आणि मग तिनं सांगितलं की मी साताऱ्याला गेल्यावर तिनं पोर्ट बदलले होते. दुसरं पोर्ट सैल वाटत होतं, म्हणून ऑफिसची वायर पहिल्यात घातली आणि टीव्हीची दुसऱ्यात. मला सांगायचं राहून गेलं.

म्हणजे बघा. घरात येऊन ज्यानं कुणी वायर काढली, त्यानं डावीकडून दुसरी काढली. चुकीची काढली. त्यामुळे टीव्ही वाचला आणि राऊटर जळाला. ऑफिसमध्ये मात्र स्विचला बाहेरून येणारी वायर एकच, तिथे चुकायला जागाच नव्हती. वैशूनं ते काम केलं असतं, तर तिनं ही चूक केली नसती, आणि कापड तर मुळीच बांधलं नसतं. चोर आला असता तर कॉम्प्युटर सोडून वायर कशाला काढेल? कुलपं जशीच्या तशी होती. ती चूक जगात एकच माणूस करू शकत होतं, आणि ते माणूस साताऱ्याच्या बाकावर डोळे मिटून बसलं होतं.

मी खुर्ची ओढून बसले. भीती नाही वाटली, खरं सांगते. उलट जरा ओशाळल्यासारखं झालं, आपलीच बेरीज चुकलेली दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडावी तसं.

एवढ्यावर मी हे प्रकरण मिटवलं असतं. वैशू बावरून विसरली असेल, गडबडीत तिनंच केलं असेल, असं काहीतरी स्वतःला पटवलं असतं. पण संध्याकाळी ट्रायल संपल्यावर पुण्याहून होकार आला, मुलींनी पेढे आणले, आणि मी वाटीत चार पेढे घालून शेजारी शेवंताकडे द्यायला गेले. शेवंता आमच्या कुंपणापलीकडे राहते. तिच्या अंगणात घरच्यापुरता बेदाणा ताडपत्रीवर पसरलेला असतो. मी ट्रायलबद्दल सांगायला लागले, तर ती म्हणाली, ते राहू द्या, आधी तुमचं उपकार मानू द्या.

"माझं? कशाबद्दल?"

"आवं, काल तुमी बोललासा म्हनून तर बेदाना वाचला. मी आपली निवांत बसलेली. तुमी घराकडनं हापिसाकडं निघाला हुतासा, हातात किल्ल्या. मी म्हनलं, बाई, कवा आलासा साताऱ्याहनं? तर तुमी नुसतं म्हनलासा, शेवंता, बेदाणा आत घे आधी. लय घाईत हुतासा. मी वर बघितलं तर ढग न्हाई, काय न्हाई. पर तुमचा शब्द, म्हनून घेतला बाई आत. आन् शेवटची पाटी आत टाकली, तवर गारा."

मी विचारलं, कपडे कोणते होते माझ्या अंगावर? ती माझ्याकडे बघून म्हणाली, ही काय जांभळ्या काठाची, हीच की. आदल्या दिवशी दवाखान्यात जाताना मी हीच नेसले होते, आणि घाईत सकाळीही तीच गुंडाळून आले होते.

 पेढे दिले आणि घरी आले. त्या दिवसापासून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. वायरींचं एकवेळ समजून घेता येईल... म्हणजे येत नाही, पण निदान मनात तीच कृती मी केली होती. क्लिप, कापड, गाठ, दुसरं पोर्ट. त्याचा काहीतरी धागा आहे. शेवंताचा काही नाही. मी त्या बाकावर बसून शेवंताचा विचार केलेला नाही. तिच्या बेदाण्याचा तर नाहीच, मला तो उन्हात आहे हेही ठाऊक नव्हतं. माझ्या मनातल्या आवारात कुणीच नव्हतं. मग तिच्याशी कोण बोललं? मी असते तर बोलले असते, हे खरं. शेवंता समोर दिसली असती तर मी हेच शब्द बोलले असते, याच आवाजात. पण बोलले नाही. वाचकांपैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर मी ते शांतपणे ऐकून घेईन.

आता कन्व्हर्टर आले आहेत, आवारातून फायबर गेली आहे. ढग आले तरी कुणाला काही काढावं लागत नाही. रफीकभाईंनी स्वतः येऊन लावून दिलं आणि त्यांचा राऊटर परत नेला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "टीचरबाई, आता तुमास्नी सुट्टी हाय."

ऑफिसमध्ये आता पाचवी मुलगी आली आहे. तिच्यासाठी स्विचवर पोर्ट शिल्लक होतंच. वैशूनं पुण्याची, वेळ आलीच तर म्हणून अजून ठेवलेली भाड्याची खोली सोडली. सामान आणायला गेली तेव्हा मी सोबत गेले होते, कपाट रिकामं करायला.

शेवंताला मी नंतर खरं सांगितलं. साताऱ्याची तिकिटं दाखवली, दवाखान्याचा कागद दाखवला. तिनं सगळं नीट पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली की असंल. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. परवा दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. मी पाणी गाळत ओसरीत उभी होते. शेवंता ताडपत्री गोळा करता करता थांबली, कुंपणापाशी आली आणि मला वरून खाली न्याहाळलं.

"आवं बाई, त्या दिवसागत न्हाई, आज घरातल्याच न्हवं तुमी?"

मी हो म्हणाले. तिनं मान हलवली आणि ताडपत्री उचलायला गेली. मी तिच्या मदतीला गेले, ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला.